डॉक्टर, त्यांना सांगा

३ फेब्रुवारी, सोमवार

ही रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही." तरी ती विचारत राहायची आणि जेवण होईपर्यंत काय काय झालं ते एकेक करून निघायचं. गेल्या महिन्यात ही गेली. आता विचारणारं कोणी नाही, त्यामुळे जे होतं ते आतच राहतं. म्हणून ही वही.

आज काय झालं: काही नाही. शेवटचे पाहुणे गेले. घरात मी आणि सासूबाई.

५ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली. या सगळ्या वर्षांत त्या माझ्याशी थेट फारसं बोललेल्या नाहीत. भांडण अजिबात नाही. दोघांनाही एकमेकांबद्दल आदर आहे, आणि तोच आड येतो. मला काही सांगायचं असेल तर मी हिला म्हणायचो, "आईंना विचार, पंखा कमी करू का." सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या. त्या हिला म्हणायच्या, "त्यांना सांग, राहू दे." ही वैतागायची, "मी काय पोस्टमन आहे का?" आणि तरी दोन्हीकडचे निरोप पोचवायची.

आता मधलं माणूस नाही. काल सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून फ्रिजकडे बघत म्हणाल्या, "जेवण वाढलंय." मी वर्तमानपत्राला म्हटलं, "आलोच." असं चाललं आहे. अडत काही नाही.

भाजीत मीठ कमी होतं. हे कुणाला सांगावं ते कळलं नाही. खाल्ली.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारी सकाळी मेहुण्याचा व्हिडिओ कॉल असतो. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. लांब असतो, विमानाने जावं लागतं.

या कॉलची आमच्या घरात एक पद्धत आहे. ती हिनेच घालून दिली. फोनवर वाईट काही सांगायचं नाही. लांबचा माणूस करणार काय? नुसती काळजी. म्हणून फोन लागला की सगळे छान. ही हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाही उशीला टेकून बसली, केस नीट केले आणि म्हणाली, "छान आहे रे." मीही मागून छान म्हटलं. मेहुण्याला खरं कळलं तेव्हा त्याला विमान पकडूनही उपयोग नव्हता. पण एरवी पद्धत चांगली आहे.

आज मेहुणा म्हणाला, "आई, पाय कसा आहे?"

"छान आहे."

"ड्रेसिंग कोण करतं आता?"

"मीच करते. त्यात काय आहे."

सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, जखमा लवकर भरत नाहीत. मागे उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. हिने वर्षभर खपून ती बरी केली. आता डाव्या अंगठ्याशी झाली आहे.

"दाजी, पाय खरंच बरा आहे ना?"

"छान आहे," मी म्हटलं. मी पाय बघितलेला नाही. सासूबाईंचा पाय मी कसा बघणार? ही ड्रेसिंग करायची ते दार लावून.

"हे बघ आई," मेहुणा म्हणाला, "ताई होती तोवर ठीक होतं. आता पाय चिघळला तर तुला इकडे आणणार. इथे एक चांगली जागा आहे. दिवसरात्र नर्स असतात. तुझ्या वयाच्या बायका असतात. दुपारी पत्ते खेळतात."

"मला पत्ते येत नाहीत."

"शिकवतात. आणि तोवर मी एक डॉक्टर ठरवलीय. दर मंगळवारी संध्याकाळी फोनवर दिसेल. आपले जुने डॉक्टर राहिले नाहीत आणि तुला तीन जिने उतरवत नाहीत. घरबसल्या तपासणी."

"बरं बाबा," सासूबाई म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर बराच वेळ त्या फोनकडेच बघत होत्या. मग पाय खुर्चीखाली घेतले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून आलो तर घर आवरलेलं. सासूबाई पडद्याला म्हणाल्या, "ते कपड्यांचं स्टँड आत नेलं तर बरं. डॉक्टर येणार."

"येणार नाहीत. फोनवर आहेत," मी पडद्यालाच सांगितलं.

"दिसणार ना? मग आल्याच."

चांगले कपडे घालून, केस विंचरून, खांद्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. समोर टेबलावर चहाचा कप, बशीने झाकलेला.

डॉक्टर तरुण आहे. मागे पुस्तकांचं कपाट. "आजी, कशा आहात?" तिने विचारलं.

"छान. चहा घ्या."

डॉक्टर हसली. "माझ्या वाटचा तुम्हीच घ्या. काही त्रास होतोय?"

"छे हो. तुम्ही पहिल्यांदा भेटताय, तुम्हाला कशाला त्रास सांगायचा."

मग पाय दाखवायचा होता. फोन धरायचं काम माझं. सासूबाईंनी स्टुलावर पाय ठेवला आणि पट्टी सोडायला लागल्या. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर एक खिळा आहे. त्याला काही टांगलेलं नाही.

"काका, थोडं खाली," डॉक्टर म्हणाली. "अजून. आता फरशी दिसतेय. काका, पाय." मी अंदाजाने फोन फिरवत होतो. "हां, तिथेच. अरे वा! हा डावाच ना? फोनवर उलटसुलट दिसतं."

"डावाच," सासूबाई म्हणाल्या.

"छान भरलीय जखम. कागदपत्रं बघून मी घाबरले होते."

मेहुण्याला कळवलं. छान.

नंतर सासूबाई गॅसच्या शेगडीशी बोलत होत्या. "हात लावला नाही, जवळ बसली नाही, नाडी धरली नाही. नुसतं बघून डॉक्टर होता येत असेल तर समोरच्या गॅलरीतली बाई मोठी डॉक्टर. ती दिवसभर बघतच असते." मग म्हणाल्या, "पण मुलगी बोलायला चांगली आहे." आणि येऊन फोनवर रुमाल टाकला.

"त्या गेल्या आहेत," मी खिडकीला म्हटलं.

"असू दे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या टेबलावर बसतो. लोक फोन करतात, मी प्रश्न विचारतो आणि कुठला फिटर काय हत्यारं घेऊन जाईल ते ठरवतो. आज फिटरला मंगळवारचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे साहेब, तुम्ही नळांचे फोनवरचे डॉक्टर."

मी म्हटलं, फरक आहे. आपल्याकडे लोक वाढवून सांगतात. थेंब गळत असेल तर पूर आला म्हणतात. कमी करून सांगणारा आजवर एकही भेटला नाही.

"माझ्या आईला पण दिला होता तसला डॉक्टर," फिटर म्हणाला. "डॉक्टरने विचारलं, छातीत काय होतंय? आईने फोनच छातीला लावला. म्हणाली, तुम्हीच ऐका."

"मग?"

"मग काय, ऐकलं म्हणे त्याने. आई सगळ्यांना सांगते, कान फार चांगले आहेत डॉक्टरचे."

हे बोलताना तो माझा डबा खात होता. दुपारी मला भूक नसते. डबा भरलेला परत नेला तर सासूबाईंना वाटेल स्वयंपाक आवडला नाही, म्हणून फिटर खातो. त्याची तक्रार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाय दाखवून झाला. जखम छान आहे. डॉक्टरने सवयीने विचारलं, "अजून काही?"

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांना सांगा, भाजी जरा निवडून आणावी."

"कुणाला सांगू?"

"फोन धरलाय त्यांना."

"ते तुमच्या शेजारीच आहेत ना, आजी?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा की."

"तसं बरं दिसत नाही."

डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, भाजी निवडून आणा."

मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना सांगा, आणतो. आणि भाजीत मीठ कमी पडतं."

"काका, माझे पुढचे पेशंट थांबलेत." पण तिने सांगितलं. "आजी, मीठ कमी पडतं म्हणतात."

"मुद्दाम कमी घालते. ह्या वयात दोघांनाही कमीच बरं."

"हे मात्र आजींचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाली.

मिठाचा विषय संपला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आता आठवड्याभराचं साठतं. मी लक्षात ठेवतो, त्याही ठेवतात. आज डॉक्टरने आधीच बजावलं, "पायाला वेळ पहिला, घरगुती नंतर."

पाय छान. मग घरगुती. दूध एक पिशवी कमी घ्यायचं ठरलं. बाथरूमचा दिवा रात्री चालू ठेवायचा ठरलं, कारण सासूबाई हल्ली भिंतीला धरून चालतात. गुडघे असावेत.

शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांना सांगा, बेबीचं कपाट आवरायचं असेल तर मी आवरीन. त्यांना जमत नसेल तर." बेबी म्हणजे ही. घरात तिला तसं म्हणायचे.

डॉक्टरने ते मला सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "काका?"

मी म्हटलं, फोनची बॅटरी संपत आली आहे. अगदीच संपत आली नव्हती.

१ मार्च, शनिवार

परवापासून घरात वास येतो आहे. बाथरूमच्या बाजूला, म्हणजे सासूबाईंच्या खोलीजवळ, जास्त. मला वाटलं मोरीची जाळी तुंबली. साफ केली. वास तसाच. आज सुट्टी होती म्हणून फिटरला घरी बोलावलं.

त्याने सगळ्या नळ्या उघडल्या, हात घालून बघितलं. "साहेब, नळी स्वच्छ आहे. उंदीर मेला असणार. भिंतीत."

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पायांवर शाल. तिथून फिटरला म्हणाल्या, "हो, मलाही नळीचाच वाटतो. नाहीतर उंदराचा."

फिटरने त्यांच्या समाधानासाठी एक वाकडा पाइप बदलला आणि हात धुऊन म्हणाला, "आजी, एक सांगू? तुमच्या हाताला चव आहे हो. ती परवाची वांगी तर काय झाली होती!"

"परवाची वांगी," सासूबाई म्हणाल्या.

मी फिटरला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. परत आलो तर त्या भिंतीकडे बघत होत्या. वास अजून आहे. उंदराची औषधं आणली.

४ मार्च, मंगळवार

नीट लिहून ठेवतो.

सकाळपासून सासूबाईंच्या अंगात कणकण होती. संध्याकाळी डॉक्टरने ताप आणि साखर दोन्ही मोजायला लावलं. दोन्ही जास्त. सासूबाई आधी म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांना सांगा, डबा ज्याला दिलाय त्यानेच खायचा असतो."

"ते नंतर, आजी. ताप कशाचा ते आधी बघू." तिने पाय दाखवायला सांगितलं. मी फोन धरला. "जखम तर भरलीय. काका, कडेला लाली आहे का? कॅमेऱ्यात रंग नीट येत नाही."

"माहीत नाही."

"बघून सांगा ना."

"मी भिंतीकडे बघतोय."

"का? भिंतीवर काय आहे?"

"काही नाही. दर मंगळवारी बघतो."

डॉक्टर हळू म्हणाली, "म्हणजे पाय तुम्ही एकदाही बघितला नाही?"

"सासूबाई आहेत," मी म्हटलं.

"काका, मी तिथे नाही. तिथे तुम्ही आहात. तुम्ही बघितलं नाही तर कोणीच बघत नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना विचारा, बघू का."

"आजी, बघू देत का?"

"नको म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

"आजी."

सासूबाईंनी पाय स्टुलावर तसाच ठेवला. मग मी बघितलं.

लहानसा, स्वच्छ पाय होता. अंगठ्यावर एक पांढरा जुना व्रण, बाकी काही नाही. मी डॉक्टरला म्हटलं, "पाय चांगला आहे."

"कोणता पाय आहे?"

अंगठा कुठल्या बाजूला आहे ते मी बघितलं. "उजवा."

दुसरा पाय खुर्चीखाली होता, त्यावर जाड मोजा, वर शालीचं टोक. मी खाली वाकलो आणि उंदीर मेलेला नाही हे मला समजलं.

सासूबाईंनी पाय मागे घेतला. मी म्हटलं, "आई, पाय द्या." त्यांनी दिला.

मोजा काढला. डॉक्टर विचारत गेली तसं सांगत गेलो. अंगठा काळा. शेजारचं बोटही निम्मं काळं. खालून ओलं. लाली घोट्यापर्यंत, आणि हात लावला तर गरम. वाढवून सांगितलं नाही, कमी करूनही नाही.

"बोट दाबा. कळतंय का विचारा."

"कळतंय?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल," डॉक्टर म्हणाली. "उद्या नाही. आत्ता. मी तिथे फोन करते." आणि मग, "आजी, असं का केलंत हो?"

सासूबाई उजव्या पायाला पट्टी परत गुंडाळत होत्या. "हा बेबीने बरा केलाय," त्या म्हणाल्या. "कुणी लांबून बघायला येतं तेव्हा चांगलं ते दाखवतात. आणि तो दाखवला असता तर मला पत्ते खेळायला पाठवलं असतं."

फिटरला फोन केला, तो आला. खुर्चीला दोन्हीकडून धरून आम्ही त्यांना तीन जिने उतरवलं. वळणावर खुर्ची भिंतीला घासली तेव्हा त्या फिटरला म्हणाल्या, "हळू रे. मी पाइप नाही."

५ मार्च, बुधवार

दोन बोटं काढली. सर्जन म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं.

मेहुण्याला मी फोन केला. त्याने विचारायच्या आत सांगितलं, छान नाही. सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "ताईच्या वेळीसुद्धा तुम्ही छान म्हणत होतात, दाजी."

मी हो म्हटलं.

९ मार्च, रविवार

मेहुणा आला आहे. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बाकावर बसलो. तो म्हणाला, "मी आईला घेऊन जातो."

मी हातातली औषधांची चिठ्ठी घडी केली.

"तुमच्यावर का ओझं टाकायचं? राग नका मानू, पण ताई गेल्यावर तुमचं आणि आईचं नातं तरी काय उरलं?"

तो वाईट बोलला नाही. प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "मंगळवारी डॉक्टरचा फोन असतो. तो धरायला कोणीतरी लागतं."

"तिथे नर्स धरेल."

"नर्स नीट धरेल," मी म्हटलं. हे खरंच होतं.

आत गेलो. सासूबाई जाग्या होत्या. मेहुण्याने पलंगाशी वाकून विचारलं, "आई, तुला काय हवंय? माझ्याकडे येतेस की दाजींकडे जायचंय?"

त्या छताकडे बघून म्हणाल्या, "त्यांना विचार."

मेहुणा माझ्याकडे वळला. "दाजी?"

"त्यांना विचारा," मी म्हटलं.

"आई?"

"त्यांची अडचण होत असेल तर नको."

"दाजी?"

"अडचण त्यांना होत असेल तर. तीन जिने आहेत."

"अरे, मी काय पोस्टमन आहे का?" मेहुणा ओरडला.

मेहुण्याचा आवाज तसा हिच्यासारखा नाही. पण शब्द तेच होते. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मेहुणा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

इतक्यात नर्स ट्रे घेऊन आली. "घरी ड्रेसिंग कोण करणार? आत्ता शिकून घ्या, परत दाखवायला मला वेळ नाही."

"मी," मी म्हटलं.

नर्सला घाई होती, त्यामुळे उत्तर द्यावंच लागलं. तिने मला हात धुवायला लावलं. मेहुणा आमच्याकडे बघत होता. सासूबाईंनी पाय पांघरुणाबाहेर काढून ठेवला होता.

१७ मार्च, सोमवार

सासूबाई घरी आल्या. मेहुणा परत गेला. जाताना म्हणाला, "महिनाभर बघू. पाय बिघडला तर ऐकणार नाही." बरोबर आहे त्याचं.

ड्रेसिंगला पहिल्या दिवशी फार वेळ लागला. कात्री कुठे ठेवली ते सापडेना.

"घट्ट होतंय," सासूबाई म्हणाल्या.

"सैल करतो."

"आता गळून पडेल."

"मग किती?"

"बेबी एक बोट आत जाईल एवढं ठेवायची."

एक बोट आत जाईल एवढं ठेवलं.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरचा फोन. सासूबाई रोजच्याच कपड्यांत होत्या, शाल नाही, चहा नाही. डावा पाय स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा बघा. हा खराब आहे." मी फोन धरला आणि जखमेची कड कुठे ओली आहे ते बोट दाखवून सांगितलं. डॉक्टरने औषध बदललं.

"आणि घरगुती?" तिने विचारलं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. भाजीचं सकाळीच बोलून झालं होतं.

"आज काही नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की?" डॉक्टर म्हणाली. तिला जरा चुकल्यासारखं झालं असावं. मग सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुमचे डोळे लाल दिसताहेत. झोप होते ना?" डॉक्टर म्हणाली, छान आहे. "छान कुणाला सांगताय," सासूबाई म्हणाल्या.

१ एप्रिल, मंगळवार

जखम आतून लाल झाली आहे. डॉक्टर म्हणते, हा चांगला लाल. वाईट लाल आणि चांगला लाल यातला फरक आता मला कळतो. फोनवर तसाच दिसत नाही, म्हणून ती रंग मला विचारते आणि मी सांगतो त्यावर विश्वास ठेवते.

सासूबाईंचं मत मात्र बदललेलं नाही. हात न लावता तपासतो तो डॉक्टर अर्धा, असं त्या आज तिच्या तोंडावर म्हणाल्या.

"उरलेला अर्धा तुमच्याकडे बसलाय ना," डॉक्टर म्हणाली.

"तो अर्धा कात्री हरवतो."

६ एप्रिल, रविवार

सकाळी मेहुण्याचा फोन. मी टेबलाला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघे समोर बसलो.

"आई, कशी आहेस?"

"दुखतंय," सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्याला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"पाय दुखतोय. सकाळी जास्त. जी बोटं काढली ना, नाहीत ती, तीसुद्धा दुखतात."

"जखम बिघडली का? दाजी, जखम कशी आहे?"

"भरते आहे," मी म्हटलं. "चांगली लाल आहे. पण त्यांना दुखतं हे खरं आहे. काल त्या रडल्या."

"मग मी येऊ का? आई, तुला इकडे न्यायचं बघू का?"

"येऊ नकोस. नेऊ पण नकोस."

"मग करू काय मी?"

"काही करू नकोस. विचारलंस म्हणून सांगितलं."

मेहुण्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. मग सवयीने माझ्याकडे वळला. "आणि दाजी, तुम्ही कसे आहात?"

मी छान म्हणणारच होतो. सासूबाईंनी टेबलावरचा फोन उचलला आणि माझ्यासमोर धरला. त्या भिंतीकडे बघत नव्हत्या.

मी म्हटलं, "बरा नाही."

"काय होतंय?"

"ते नीट सांगता येत नाही," मी म्हटलं. "संध्याकाळी जास्त होतं."

फोन कुणी बंद केला नाही. तिघंही तसेच एकमेकांकडे बघत बसलो, आणि सासूबाईंचा हात भरून आला तेव्हा फोन मी धरला.